एक बेट कमी!

माझ्या एका मित्राला एक्सेल शीटचं व्यसन आहे. त्याच्या लग्नातल्या पंगतींचा हिशेब एक्सेलमध्ये होता. बायकोच्या वाढदिवसाचं सरप्राईजही एक्सेलमध्येच होतं (ते चुकून तिलाच फॉरवर्ड झालं, ती वेगळी स्टोरी!). त्यामुळे आमच्या अंदमान ट्रिपचं शीट मेलमध्ये येऊन पडलं, तेव्हा मी अजिबात दचकले नाही. सहा दिवस, पाच बेटं. प्रत्येक बेटाला वेगळा रंग. ‘राधानगर बीच : सूर्यास्त : ६.३०’, ‘नील : नॅचरल ब्रिज : सकाळी ८ ते ९’, ‘बाराटांग : पहाटे ३ वाजता निघणे’... मध्ये जेवायला पंचेचाळीस मिनिटं. झोपायला रकानाच नव्हता.

आम्ही चौघं. सगळे नोकरदार, सगळ्यांची रजा महत्प्रयासाने मंजूर झालेली. एक्सेलवाल्याचं तर त्याहून अवघड. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, तो नव्या कंपनीत जॉईन होणार होता. म्हणजे ट्रिप संपली की थेट नवं आयकार्ड! ‘एकदा जातोय तर सगळं बघून घेऊ, परत कोण येतंय?’ हा त्याचा फंडा. तुमच्याही ग्रुपमध्ये असा एक असतोच. नसेल, तर तो तुम्हीच आहात.

‘आयलंड हॉपिंग’ हा शब्दच मुळात फसवा. हॉपिंग म्हटलं की लहानपणची लंगडी आठवते. या चौकोनातून त्या चौकोनात, एका दमात. पण लंगडी खेळताना खाली अंगण असतं. इथं दोन चौकोनांच्या मध्ये समुद्र असतो आणि त्याच्याकडे आपलं शीट पोचलेलं नसतं.

आधी थोडा नकाशा. अंदमान-निकोबारमध्ये लहानमोठी बेटं आणि खडक धरून आठशेच्या वर ठिपके आहेत. माणसांची वस्ती आहे ती त्यातल्या तीसेक बेटांवर. त्यातलीही चार-पाचच तुमच्याआमच्या पॅकेजमध्ये असतात. चेन्नईहून साधारण दोन तासांचं विमान की तुम्ही पोर्ट ब्लेअरला. सप्टेंबर २०२४ मध्ये या शहराचं नाव श्री विजयपुरम झालं. त्याआधी डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस आयलंडचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. नेताजींनी ३० डिसेंबर १९४३ ला पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला होता, त्याला तेव्हा ७५ वर्षं होत होती. हॅवलॉक आणि नील हे दोघेही १८५७ चा उठाव मोडून काढणारे इंग्रज सेनानी होते, हे कळल्यावर नाव बदललं ते बरंच झालं असं वाटतं. पण धक्क्यावर आणि रिक्षात अजून जुनी नावंही सर्रास चालतात, म्हणून मीही इथं तीच वापरतेय.

पहिला दिवस सेल्युलर जेलचा. मराठी माणूस अंदमानात उतरला की त्याचे पाय आपोआप तिकडेच वळतात. १९०६ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत मधल्या मनोऱ्यातून सायकलच्या आऱ्यांसारख्या सात बाजूंना पसरलेली होती. आता तीनच बाजू उभ्या आहेत. मूळच्या ६९८ कोठड्या, आणि रचना अशी की एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे. शेजारच्या माणसाशी नजरानजरसुद्धा होऊ नये, म्हणून! सावरकर १९११ ते १९२१ अशी दहा वर्षं इथं होते. त्यांचे थोरले भाऊ बाबारावही इथंच. वर गच्चीवर गेलं की चहूकडे निळंशार, फोटोजेनिक पाणी. याच पाण्याला तेव्हा काळं पाणी म्हणत होते. आम्ही चौघंही थोडा वेळ गप्प होतो. एक्सेलवाल्यानेही मोबाईल खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी रॉस आणि नॉर्थ बे. रॉसवर इंग्रजांच्या बंगल्यांच्या आणि चर्चच्या भिंतींना वडा-पिंपळाच्या मुळांनी अक्षरशः मिठी मारलीय आणि त्यातून हरणं फिरतात. नॉर्थ बे तर तुम्ही न जाताच पाहिलंय. जुन्या लाल विसाच्या नोटेच्या मागे नारळाची झाडं आणि दीपगृह असायचं ना, तेच ते! (२०१९ च्या नव्या नोटेवर आपलं वेरूळ आलं.) इथपर्यंत शीट मस्त चाललं होतं. सगळे रकाने हिरवे.

बाराटांगचा रकाना मात्र मी आधीच उडवायला लावला होता. चुनखडीच्या गुहा आहेत, चिखलाचे ज्वालामुखी आहेत, सगळं खरं. पण तिथं नेणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात, मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. आणि तरी गाडीत बसलेल्या बऱ्याच जणांचे डोळे गुहेकडे नाही, ‘ते दिसतात का’ याकडे लागलेले असतात. २०१२ मध्ये पर्यटकांपुढे नाचायला लावलेल्या जारवा बायकांचा व्हिडिओ बाहेर आला, तेव्हा देशभर गदारोळ झाला होता. कुणाच्या घराच्या ओसरीवरून गाडी काढून आत डोकवायचं, हे मला काही पटत नाही. शीटमधून एक बेट कमी झालं. एक्सेलवाला दोन दिवस रुसला.

मग हॅवलॉक. खासगी कॅटामरान दीड-दोन तासांत पोचवते, सरकारी बोट अडीच तास घेते. राधानगर बीचला ‘टाइम’ मासिकाने २००४ मध्ये आशियातला सर्वोत्तम बीच म्हटलं होतं, आणि त्यात काहीही खोटं नाही. पिठासारखी पांढरी वाळू, मागे उंच, दाट जंगल. आम्ही शीटबरहुकूम सव्वासहाला पोचलो. ठार अंधार! बीच रिकामा होत आलेला आणि एक कुत्रं आमच्याकडे दयेने बघत होतं.

झालं असं, की घड्याळ भारताचं असलं तरी अंदमान पूर्वेला आहे, मुंबईच्या वीस रेखांश पुढे. त्यामुळे सूर्य तिथं आपल्यापेक्षा साधारण सव्वा तास आधी कामावर येतो आणि तेवढाच आधी घरी जातो. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्यास्त! साडेसहा ही अलिबागची वेळ. आमच्या मित्राने सूर्यालाही ऑफिस टायमिंग लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी एलिफंट बीच. कमरेइतक्या पाण्यात तोंड घातलं की खाली वेगळंच शहर. पोपटी मासे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, आणि पोवळ्यांच्या वसाहती. पण त्यातली बरीच पोवळी पांढरी, राखाडी, मेलेली होती. २०१० मध्ये समुद्राचं पाणी तापलं, तेव्हा अंदमानातली पोवळी मोठ्या प्रमाणात पांढरी पडून मेली. त्याआधी २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीचा तडाखा होताच. फांद्यांसारखी वाढणारी पोवळी वर्षाला फार तर काही सेंटिमीटर वाढतात, गोलसर खडकासारखी तर त्याहून हळू. आपण लाईफ जॅकेट घालून त्यावर टेकायला पाय ठेवतो, कट्‌कन आवाज येतो, आणि आपल्या वयाएवढं काहीतरी तुटलेलं असतं. आमच्यातल्या एकीने किनाऱ्यावर पडलेला तुकडा ‘शोकेससाठी’ उचलला. पोवळ्यांना वन्यजीव कायद्याचं वाघाइतकंच संरक्षण आहे, असं बोटवाल्याने सांगितल्यावर तिने तो चटका बसल्यासारखा खाली टाकला.

संध्याकाळी नील. तासाभराची बोट. हे बेट मला पाहताक्षणी आवडलं, कारण इथं काहीच घडत नाही. दोन रस्ते, भाताची शेतं, केळी, वांगी, टोमॅटो. अख्ख्या अंदमानचा भाजीपाला पिकवणारं बेट म्हणून नीलची ख्याती आहे. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारने या बेटांवर जमिनी दिल्या, आणि त्यांनी जंगल तोडून गावं वसवली. गावांची नावं तर बघा. हॅवलॉकवर गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर. नीलवर रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. सगळं मागे टाकून आलेल्या माणसांनी एका बेटावर कृष्णाचं आणि दुसऱ्यावर रामाचं घर मांडलं.

आणि इथंच आमचं शीट बुडालं.

पाचव्या दिवशी सकाळी आठ वाजता आम्ही नॅचरल ब्रिज बघायला गेलो. समुद्राने खडक पोखरून केलेली कमान. वाटेतच गाईड हसायला लागला. भरती होती! ओहोटी असल्याशिवाय तिथवर चालत जाताच येत नाही. कोकणातले आपले लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा, अंदमानात तो आकडा तसाच लागू होत नाही. पण भरती रोज पाऊण तासाने पुढे सरकते आणि भरतीनंतर सहाएक तासांनी ओहोटी, हे तिथंही तेच. आमच्या शीटमध्ये चंद्राचा रकानाच नव्हता.

म्हणून हॉटेलवर परतलो, तर दुसरी बातमी. वारा वाढलाय, दुपारच्या बोटी रद्द. आमची पोर्ट ब्लेअरला जायची बोट त्यातच होती. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी अकराचं विमान होतं, सोमवारी मित्राचं जॉइनिंग. तो फोनवर फोन करायला लागला. ‘आम्ही इथं अडकलोय हो! अडकलोय!’ तिसऱ्यांदा ‘अडकलोय’ म्हणाला आणि एकदम थांबला. चार दिवसांपूर्वी आपण कुठल्या गच्चीवर उभे होतो, हे त्यालाच आठवलं असावं. नंतर तो शब्द कुणी काढला नाही.

दुपारी दोनला करायला काहीच नव्हतं, म्हणून पुन्हा नॅचरल ब्रिजला गेलो. आता ओहोटी लागली होती. बेटाच्या त्या बाजूला पाणी त्यामानाने शांत होतं. खडकांच्या खळग्यांमध्ये अडकलेल्या पाण्यात समुद्रकाकड्या लोळत होत्या, तारामासे होते, निळ्या ओठांचा एक शिंपला पाण्याची सावली हलली की मिटत होता. आम्ही तीन तास तिथं होतो. कुणी घड्याळ बघितलं नाही, बघून उपयोगही नव्हता. सूर्यास्त बरोबर पाचला झाला, या वेळी आमच्या उपस्थितीत.

रविवारी पहाटे साडेचारला धक्क्यावर गेलो. एकच सरकारी बोट सुटणार होती. लाईन लांब होती. पुढे बेटावरची माणसं, मागे आमच्यासारखे सनग्लासेस डोक्यावर चढवलेले पर्यटक. खिडकीवरच्या माणसाने शांतपणे सांगितलं, आधी गावातले, जागा उरली तर बाकीचे. झालं, आमचा मित्र उसळला. ‘आमची फ्लाईट आहे! तुम्हाला काही सिस्टीम आहे की नाही?’

आमच्या पुढे एक तरुण मुलगी तिच्या आईबरोबर उभी होती. दिवस भरत आलेले. आई एका हातात बोचकं, दुसऱ्या हाताने मुलीची पाठ चोळत होती. बाळंतपणासाठी पोर्ट ब्लेअरला नातेवाइकांकडे जाऊन राहायचं, म्हणजे वेळेला मोठं हॉस्पिटल जवळ असेल, असा बेत. त्या कालच निघणार होत्या. आमचीच बोट! त्यांच्या बाजूला टोमॅटोच्या क्रेट्सवर एक काका बसले होते. शनिवारचा बाजार हुकला होता. खालच्या क्रेट्समधून पाणी सुटायला लागलं होतं.

मावशींनी मित्राकडे बघितलं. चिडून नाही, कुतूहलाने. अंदमानी हिंदीत विचारलं, ‘आपका ऑफिस का काम है क्या?’ तो म्हणाला, ‘हो, उद्यापासून नवी नोकरी.’ मावशींना खरंच वाईट वाटलं. त्या मुलीला म्हणाल्या, यांना पुढे जाऊ दे का? आणि ती मुलगी, नववा महिना लागलेली, बाजूला सरकायला लागली!

एक्सेलवाल्याचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. त्याने घाईघाईने त्यांचं बोचकं उचललं आणि ‘नाही मावशी, तुम्हीच जा’ असं चक्क मराठीत म्हणाला. मग तो बोचकं घेऊन त्यांना बोटीच्या फळीपर्यंत सोडून आला. क्रेट्स चढवायलाही हात लावला. ब्रँडेड टी-शर्टवर टोमॅटोचा रस.

बोट भरली, गेली. आम्ही उरलो.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आपण जिला ‘हॉपिंग’ म्हणतो, ती त्यांची एसटी आहे. तोच लाल डबा, फक्त पाण्यातून जाणारा. त्यातूनच पेशंट जातो, परीक्षेचा पोरगा जातो, भाजी जाते, लग्नाचं वऱ्हाड जातं. आपल्या गावाकडे दिवसाला एकच गाडी असते, आणि सुट्टीत आलेल्या शहरी पाहुण्यांनी ती भरून टाकली की आजीला तालुक्याला जाता येत नाही. अगदी तसंच. आपण बेटांची संख्या वाढवतो, तेव्हा फक्त आपली दमछाक वाढत नाही, त्या एसटीतल्या आपल्या जागाही वाढतात.

आणि हे काही आमच्याच नशिबी आलं नव्हतं. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हजारावर पर्यटक हॅवलॉक आणि नीलवर अडकले होते. शेवटी नौदलाला जहाजं पाठवावी लागली. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारे, मग ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा मोसम. जानेवारी ते एप्रिल त्यातल्या त्यात शांत. पण शांत म्हणजे गॅरंटी नव्हे!

आम्ही सोमवारी दुपारच्या बोटीने निघालो. विमानाची तिकिटं बुडाली, नवी काढताना चौघांचेही डोळे पांढरे झाले. मित्राने एचआरला मेल टाकला, ‘समुद्र खवळल्याने एक-दोन दिवस उशीर होईल’. उत्तर चार मिनिटांत आलं, ‘नो प्रॉब्लेम, बुधवारी या’. आकाश कोसळलं नाही. कंपनी आधीही त्याच्याशिवाय चालतच होती.

तर मंडळी, तात्पर्य एका ओळीत. जेवढी बेटं शीटमध्ये आली असतील, त्यातलं एक खोडा. आणि तो वाचलेला दिवस दुसऱ्या कशानेही भरू नका. तो समुद्राचा रकाना आहे, रिकामाच ठेवा. बोट वेळेवर सुटली, तर तो दिवस बोनस. नाही सुटली, तर तोच दिवस तुमची नोकरी, विमान आणि ब्लड प्रेशर वाचवेल. शिवाय बोटीच्या रांगेत तुम्ही शहाण्यासारखे वागाल, कारण तुम्हाला घाई नसेल.

जाता जाता, जाणार असाल तर :

– सहा दिवसांची रजा असेल तर पोर्ट ब्लेअर सोडून दोनच बेटं. प्रत्येक बेटावर किमान दोन रात्री. एका रात्रीत फक्त बॅग उघडते आणि बंद होते.

– परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्येच असा. शक्य असेल तर आदला अख्खा दिवस.

– आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा, मग स्पॉट ठरवा. नीलचा नॅचरल ब्रिज ओहोटीलाच.

– सूर्यास्त पाचच्या आसपास धरा. साडेचारला बीचवर. आणि उजाडतं लवकर, त्यामुळे पहाटेचा समुद्र तुमच्या एकट्याचा असतो.

– २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आली, नेट पूर्वीपेक्षा खूप सुधारलं. तरी थोडी रोकड खिशात असू द्या आणि बॉसला सांगा, रेंज नसते. तो विश्वास ठेवतो.

– मगरींची पाटी असेल तिथं पाण्यात उतरू नका. ती पाटी शोभेची नाही, तिथं खाऱ्या पाण्यातल्या मगरी खरंच आहेत.

– पोवळी, शंख, शिंपले, काहीही उचलू नका. प्लास्टिकची बाटली मात्र स्वतःची स्वतः परत आणा.

परवा मित्राचा मेल आला. पुढच्या वर्षी पुन्हा नील, फक्त नील. सोबत एक्सेल शीट. उघडलं तर पाच रकाने. पहिला जायचा, शेवटचा यायचा. मधले तीन कोरे. आणि खाली, लाल अक्षरांत, ओहोटीच्या वेळा.